छत्तीस नंबरची वाकळ

१

माझ्या आईची माणसं मोजायची एक पद्धत होती. ती तिला नर्सिंगच्या शाळेत कुणी शिकवलेली नव्हती.

घरात माणसं किती, असं विचारलं की लोक आधी "कावून?" म्हणतात आणि मग कमी सांगतात. कुणाला वाटतं सुई टोचतील, कुणाला वाटतं गाडीत घालून बीडला नेतील. म्हणून आई उत्तर ऐकून घ्यायची आणि भिंतीवर उन्हाला टाकलेल्या वाकळांकडे बघायची. वाकळीच्या ज्या टोकाला डोकं येतं तिथं केसांच्या तेलाचा डाग पडतो. दोन पोरं एका वाकळीवर झोपत असली तर डाग दोन, शेजारी शेजारी. डाग मोजले की डोकी मोजून होतात.

"माणूस खोटं बोलंल," आई म्हणायची, "वाकळ कशाला बोलंल?"

ही गोष्ट चौऱ्याण्णव सालच्या भाद्रपदातली. मी तेव्हा नववीत होते. त्याआधीच्या वर्षी भूकंप झाला. आमच्या गावात नुसत्या भिंती चिरल्या, पण लोकांनी धसका घेतला आणि कित्येक महिने शेतात पालं टाकून झोपले. ज्वारीची पोती मात्र घरातच राहिली. माणसं नसलेल्या घरांत उंदीर राहिले. पावसाळ्यात लोक परत आले आणि मग गाठीच्या तापाचं ऐकू यायला लागलं. काखेत नाहीतर जांघेत गाठ येते, ताप चढतो आणि माणूस जातो. रेडिओवर त्याला प्लेग म्हणाले.

शाळा बंद झाली. आईच्या हाताखाली लिहायला कुणी नव्हतं, म्हणून तिनं मला बरोबर घेतलं. माझं अक्षर चांगलं आहे. मला लोकांत बोलता येत नाही, पण लिहिणाऱ्याला बोलावं लागत नाही.

२

गावात त्रेचाळीस नंबर होते. त्रेचाळिसावा आमचाच, उपकेंद्राला लागून असलेलं क्वार्टर. माझे वडील गेवराईला एसटी डेपोत होते आणि त्या दिवसांत त्यांना सुट्टी नव्हती. क्वार्टरमध्ये आम्ही दोघीच.

दहा दिवस रोज सकाळी तीच फेरी. पुढे शहादेवमामा पाठीवर पंप घेऊन. ते फवारणीचे कर्मचारी, पण पहिल्या दिवसापासून सगळंच करत होते. दारावर गेरूनं नंबर टाकायचा, कोपऱ्याकोपऱ्यात पावडर मारायची, मेलेले उंदीर चिमट्यानं उचलून टोपलीत घ्यायचे आणि गावाबाहेर खड्ड्यात रॉकेल टाकून जाळायचे. जाळताना गाव लांबून बघायचं. त्यांच्यामागून आई, हातात कॅप्सूलचा डबा. आईच्या मागून मी, रजिस्टर घेऊन.

पिसवा मरायच्या म्हणून सगळ्या वाकळा रोज उन्हात टाकायच्या असा हुकूम होता. त्यामुळे नऊ वाजता गावातली प्रत्येक भिंत रंगीत दिसायची.

रजिस्टरात खाडाखोड चालत नव्हती. आकडा बदलायचा तर आधीचा आकडा वाचता येईल असा खोडायचा, शेजारी कारण लिहायचं आणि आईनं सही करायची. दहाव्या दिवशी मोठे डॉक्टर तपासायला येणार होते. ज्याच्या रजिस्टरात माणूस सुटलेला सापडेल त्याची नोकरी राहणार नाही, असं मीटिंगमध्ये सांगितलं होतं. आईला ते पाठ झालं होतं. आमचं घर तिच्या पगारावर चालायचं. वडिलांच्या पगारातून आजीचं आजारपण आणि दोन आत्यांची लग्नं चालली होती.

आई त्या दिवसांत चालता चालता डोळे मिटायची. दोन पावलं मिटलेल्या डोळ्यांनी टाकायची आणि पुन्हा उघडायची.

३

छत्तीस नंबर पंचाक्षरींचं. दर्शनी भागात किराणा दुकान, शेजारी ओसरी, ओसरीतून आत जायचं दार. घरात पंचाक्षरी, त्यांची आई बसम्मा, दोन लहान भाऊ आणि पंचाक्षरींची बायको कावेरी. एवढी माणसं मला आधीपासून माहीत होती.

ते लिंगायत, आम्ही बौद्ध. आई सात वर्षं त्या गावात होती, पण पंचाक्षरींच्या ओसरीपुढे कधी गेली नव्हती. या म्हणून कुणी म्हटलं नव्हतं, येऊ नका असंही कुणी म्हटलं नव्हतं. आईनं ती वेळच येऊ दिली नव्हती. पावडर मारायला शहादेवमामा मात्र सगळ्यांच्या घरात जायचे. ते मराठा.

"घरात माणसं किती?" आईनं विचारलं.

"चार," पंचाक्षरी म्हणाले. "मी, आई अन् हे दोघं."

"आणि बायको?"

"माहेरी गेली. आष्टीला."

"कधी?"

"गेलती की पोळ्याच्या आधीच." ते वजनकाट्यातल्या गुळाकडे बघत बोलत होते. "शहादेव, आतल्या खोलीत पावडर नको बरं का. तिथं देव हायेत."

"देवांना काय पिसवा चावत न्हाईत व्हय?" मामा हसले. पण गेले नाहीत.

मी ओसरीच्या भिंतीकडे बघितलं. वाकळा पाच होत्या. पाचवीचा काठ हिरवा होता आणि एका कोपऱ्यात पिवळं ठिगळ, त्यावर पोपट छापलेले. ती मला माहीत होती. श्रावणाच्या तोंडावर हापशाशी कावेरीनं मला गाठलं होतं. "तुझं अक्षर लई गोल हाय म्हनं. आईला चार वळी लिहून देती का?" मी त्यांच्या मागल्या दारी बसून लिहून दिल्या. पंचमीला न्यायला या, एवढाच मजकूर. बदल्यात तिनं मला मूठभर फुटाणे दिले आणि वाकळ दाखवली. तिच्या आईच्या लुगड्यांची होती. पोपटाचं ठिगळ तिच्या लहानपणच्या झबल्याचं. पंचमीला तिला न्यायला कुणी आलं नव्हतं.

मी आईच्या पदराला हात लावला. "आई, पाच आहेत. आणि पाचवीचा डाग ओला आहे."

आईनं भिंतीकडे बघितलं. मग आतल्या दाराकडे. दार पुढं ओढून घेतलेलं होतं. ती बराच वेळ बघत राहिली. मग चालताना दोन पावलांपुरते मिटायची तसे तिनं डोळे मिटले.

"चार लिही," ती म्हणाली.

मी चार लिहिलं. आईनं चार माणसांच्या कॅप्सूल मोजून दिल्या.

४

दुसऱ्या दिवशीही पाच होत्या. मी चारच लिहिलं.

आई बसम्मांना गोळ्या नीट घेता का विचारत होती. त्या म्हाताऱ्या, कानानं जरा कमी. तेवढ्यात आतून आवाज आला. पाणी पिऊन झाल्यावर तांब्या फरशीवर ठेवावा तसा. जड हातानं ठेवलेला, जरासा कलंडून मग स्थिर झालेला.

चारही माणसं आमच्यासमोर होती.

"मांजर," पंचाक्षरी म्हणाले.

"हां," आई म्हणाली.

तिथून निघताना मी आईकडे बघत होते, तिनं काही म्हणावं म्हणून. ती म्हणाली, "सदतीस नंबर काढ."

तिसऱ्या दिवशी छत्तीसच्या भिंतीवर चार वाकळा होत्या. मला इतकं हलकं वाटलं की मी चारच्या आकड्याखाली बारीकशी बरोबरची खूण केली. आई बरोबर होती. कुणाची तरी जुनी वाकळ असेल, आत ठेवून दिली असेल. आतली खोली तेवढी बसम्मांनी नव्यानं सारवली होती. शेणाचा वास ओसरीपर्यंत येत होता.

५

सदतीस नंबरला अर्जुनराव एकटे राहायचे. बायको जाऊन दहा वर्षं झालेली, मुलगा पुण्याला. त्यांच्या भिंतीवर त्या दिवशी दोन वाकळा होत्या.

"अर्जुनराव, म्हातारपनी दुसरी केली का बे?" शहादेवमामा म्हणाले. "शिस्टर, एक मानूस वाढवा इथं."

"गप बे," अर्जुनराव म्हणाले. "शेजाऱ्याची आसंल. वाऱ्यानं आली आसंल."

वारा नव्हता. पण मी तो विचार बाजूला ठेवला, कारण वाकळ हिरव्या काठाची होती आणि कोपऱ्यात पोपट होते. म्हणजे पंचाक्षरींच्या भिंतीवरून पडली, कुणी उचलून इथं टाकली. असं होतं. मी जवळ गेले. डाग ओला होता.

चौथ्या दिवशी अर्जुनरावांच्या भिंतीवर एकच वाकळ होती. अडतीस नंबरची माणसं प्लेगचं ऐकल्यावर कुलूप लावून नगरला गेली होती. त्यांच्या भिंतीवर काहीच नसायचं. त्या दिवशी एक वाकळ होती, नीट पसरलेली, डोक्याची बाजू उन्हाकडे केलेली.

मी कुलूप हलवून बघितलं. कुलपावर गंज होता.

"आई, ही ती छत्तीसचीच आहे."

"राजश्री, झोप कमी झाली की सगळे रंग सारखे दिसतात," आई म्हणाली. तिनं वाकळीकडे बघितलंसुद्धा नाही. पुढच्या घराकडे चालू लागली. मला वाटलं, ती मुद्दाम बघत नाही.

६

एकोणचाळीस नंबर सारजाबाईंचं. त्यांना चार पोरं. पाचव्या दिवशी त्यांच्या भिंतीवर ती वाकळ होती.

"ही कुणाची?" मी विचारलं. परक्या माणसाशी मी आपणहून बोलले असं फार क्वचित झालं असेल.

"मला काय ठावं बाई? पोरांनी आनली कुठनं तरी. रातच्याला अंगावर वढून घेत्यात अन् मग गार लागती म्हनून वरडत्यात." सारजाबाईंनी धाकट्याच्या पाठीत धपाटा घातला. "ह्यो म्हनतो, मावशीला पानी पायजे. म्हनलं कोन मावशी रं? तर म्हनं झोपली."

शहादेवमामा हसले. आई हसली नाही. तिनं धाकट्याच्या काखा तपासल्या, जांघा तपासल्या. गाठ नव्हती. ताप नव्हता. तिनं दोनदा तपासलं.

घरी येऊन मी रजिस्टर उघडलं. तिसरा दिवस सदतीस. चौथा अडतीस. पाचवा एकोणचाळीस. आम्ही ज्या क्रमानं फिरत होतो त्याच क्रमानं, रोज एक घर. जणू आमच्या मागून आणखी कुणी फेरी करत होतं, प्रत्येक दारी थांबून, आपल्याला इथं तरी लिहून घेतील का बघत. चाळीस नंबर म्हणजे पिठाची गिरणी. एक्केचाळीस शाळा. बेचाळीस उपकेंद्र. त्रेचाळीस नंबरापुढे रेघ मारलेली होती.

मी बोटांवर मोजलं. नववा दिवस.

मी गणितात हुशार आहे. एका वाकळीला सात घरं फिरायला कारण हवं, आणि कारणं असतातच. पोरं चाळे करतात. बायका एकमेकींचं उसनं नेतात. मी ही कारणं रजिस्टरच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं लिहिली. सहाव्या दिवशी गिरणीच्या पत्र्यावर वाकळ होती. मी त्यातलं एक कारण खोडलं. सातव्या दिवशी शाळेच्या कुंपणावर होती. शाळेला तर पंधरा दिवस टाळं होतं. मी मागचं पान फाडून टाकलं.

आठव्या दिवशी शहादेवमामा उपकेंद्राच्या पायरीवर बसले होते. ते तिथंच झोपायचे. त्यांची दाढी वाढली होती.

"शिस्टर," ते म्हणाले, "मला वाटलं तुमीच टाकली अंगावर, थंडी वाजत आसंल म्हनून." त्यांनी वाकळ भिंतीवर टाकली आणि हात धोतराला पुसले. ते पुसतच राहिले. "आज मी जरा लवकर जातो घरी."

७

नवव्या दिवशी सकाळी मी चहा ठेवला होता. आई बाहेर चूळ भरायला गेली आणि आत आली नाही. चहा उतू गेला. मी बाहेर गेले.

आमच्या भिंतीवर आम्ही दोघींनी टाकलेल्या दोन वाकळा होत्या, आणि त्यांच्यामध्ये जागा करून ती तिसरी. आई तिच्यासमोर उभी होती. तिनं डागावर बोट टेकवलं, बोट नाकाशी नेलं.

"खोबरेल," ती म्हणाली. "ओलं आहे." आणि मग, "गार आहे गं."

ऊन चांगलं तापलेलं होतं.

"कावेरीची आहे," मी म्हटलं. "पहिल्या दिवशी मी पाच मोजल्या होत्या."

"मीपण पाचच मोजल्या होत्या," आई म्हणाली.

ती पायरीवर बसली. तिचे हात मांडीवर उताणे पडले होते. मी तिला कधी अशी बसलेली बघितली नव्हती.

"आत जाते म्हटलं असतं तर काय झालं असतं," ती हळूच म्हणाली. माझ्याशी बोलत नव्हती. "नाही म्हणाले असते. मग मी पुन्हा म्हटलं असतं. मग ते बोलायचं ते बोलले असते. ते ऐकायची ताकद नव्हती गं त्या दिवशी. मला वाटलं, उद्या बघू."

नंतर तिनं तोंड धुतलं, पांढरी साडी नेसली, वाकळीची घडी करून हातावर घेतली. मला म्हणाली, "रजिस्टर घे. पेन घे. डॉक्टर उद्या येणार आहेत, आज आपल्या हातात आहे."

"तुझी नोकरी, आई?"

"चल," ती म्हणाली.

८

बसम्मा ओसरीत डाळ निवडत होत्या. पंचाक्षरी दुकानात. आई ओसरीशी थांबली, जिथं ती सात वर्षं थांबत आली होती.

"मी आत येते," ती म्हणाली.

"शिस्टर, तितंच थांबा!" पंचाक्षरी काट्याच्या मागून उठले. "आमच्या घरात आजवर..."

बसम्मांनी मान वर केली. त्यांची नजर आईच्या हातावर गेली आणि सुपातली डाळ सांडली.

"ही कुठं घावली?" त्या म्हणाल्या.

"आमच्या भिंतीवर."

"कशी घावंल? कशी घावंल बाई?" म्हातारीचा आवाज लहान मुलीसारखा झाला. "तिच्यासंगंच दिलती की. मी सोता गुंडाळली."

पंचाक्षरी खाली बसले. जमिनीवर, गुळाच्या ढेपेशेजारी. बाहेर कुणीतरी दुकानात हाक मारली, "शेठ, मीठ द्या," आणि उत्तर न मिळाल्यावर निघून गेलं.

"उंदीर जाळत्यात ते बघितलं आमी," बसम्मा म्हणाल्या. "मानसंबी जाळत्यात म्हनं, बीडला नेऊन. आमच्यात जाळत न्हाईत, बाई. आमच्यात मातीला देत्यात. म्हनलं, बरी व्हईल. हितंच बरी व्हईल. दोन दिस तर झाले व्हते तापाला. गेली, तर हितंच आत मातीला दिली."

आई आत गेली. मी उंबऱ्यावर थांबले, एक पाय आत टाकायचं धाडस झालं नाही.

आतली खोली लहान होती. देव्हारा, कोनाडा, ज्वारीची दोन पोती. जमीन सारवून सहा दिवस झाले होते, ती वाळून पांढुरकी पडली होती. पण भिंतीलगत, पोत्यांच्या आडोशाला, एक जागा काळसर ओली होती. गोल नव्हती, लांबही नव्हती. वाकळीच्या टोकाला पडतो तसाच डाग, फक्त मोठा. त्याच्या कडेला तांब्या होता.

मी बघत असताना तो तांब्या जरासा कलंडला, जड हातानं ठेवावा तसा, आणि स्थिर झाला.

आईनं तो पाहिला की नाही मला माहीत नाही. ती त्या जागेसमोर जमिनीवर बसली होती, घरोघरी बसते तशी. आणि रोजच्याच आवाजात, दमलेल्या आवाजात तिनं विचारलं,

"घरात माणसं किती?"

ओसरीतून बसम्मा रडत म्हणाल्या, "पाच व्हती बाई. पाच व्हती."

"राजश्री," आई म्हणाली, "लिही."

मी चार वाचता येईल असा खोडला. शेजारी पाच लिहिलं. नाव लिहिलं, कावेरी, वय एकोणीस. कारणाच्या जागी काय लिहू असं विचारलं, तर आई म्हणाली, "लिही, मी आत गेले नाही." आणि तिनं सही केली.

९

पुढचं सगळं मोठ्या माणसांचं. पोलीस आले, डॉक्टर आले, आष्टीहून तिचे वडील आले. ती वाकळ पंचनाम्यात गेली. आईला घरी बसवलं. सहा महिन्यांनी परत घेतलं, पण लांब, तलवाड्याकडे. कुणी तिला चांगलं म्हणालं नाही, कुणी वाईटही म्हणालं नाही. आम्ही गाव सोडताना बसम्मांनी आईच्या हातात नारळ दिला आणि ओसरीत नाही, आत बसवलं.

त्या दहा दिवसांत आमच्या गावात आणखी कुणी गेलं नाही. आई हे कधी कधी स्वतःलाच सांगते.

मी आता दहावीला आहे, बीडच्या वसतिगृहात. रोज सायंकाळी मॅडम मुली मोजतात आणि आकडा बरोबर येतो. रविवारी आम्ही अंथरुणं गच्चीवर उन्हात टाकतो. पहिल्या रविवारीच माझ्या लक्षात आलं. माझ्या वाकळीवर माझा डाग आहे, आणि त्याच्या शेजारी दुसरा. दुपारपर्यंत माझा वाळतो.

मी आईला सांगितलं नाही. ती आत्ता कुठं झोपायला लागली आहे. चार हा आकडा माझ्या अक्षरात होता, आणि पंचमीचं पत्रही.

मुली विचारतात, एवढ्या रुंद कॉटवर तू अशी कडेला का झोपतेस, पडशील एखाद्या दिवशी. मला लोकांत बोलता येत नाही. मी नुसती हसते, उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवते आणि आणखी थोडी सरकते.